नारामधली नामावळी

नाराला जाणारा बहुतेक प्रत्येक भारतीय तिथं एका माणसाला शोधत जातो. मीही त्यातलीच. दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये क्योतोला एका अनुवाद कार्यशाळेसाठी जायचं ठरलं, तेव्हा ओळखीच्या एका संपादकांचा फोन आला. “ताई, जपानला जाताच आहात, तर नारालाही जाऊन या. आपल्या बोधिसेनावर एक लेख होऊन जाऊ दे.” मी लगेच हो म्हटलं. त्या वाक्यातला ‘आपल्या’ हा शब्द तेव्हा माझ्या कानाला अजिबात खटकला नाही. लेख लिहायला मात्र दोन वर्षं लागली, त्याचं कारण तोच शब्द.

बोधिसेन हा आठव्या शतकातला भारतीय भिक्षू. जपानी लोक त्याला ‘बोदाइसेन्ना’ म्हणतात. नाराच्या तोदाइजी मंदिरातली बुद्धाची प्रचंड ब्राँझ मूर्ती सगळ्या जगाला माहीत आहे. सन ७५२ मध्ये त्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा, म्हणजे बुबुळं रंगवण्याचा विधी त्याच्या हातून झाला. आपल्याकडे प्राणप्रतिष्ठेत मूर्तीचं नेत्रोन्मीलन करतात, तसाच हा प्रकार. जपानच्या सम्राटानं उभारलेल्या सर्वांत मोठ्या मूर्तीला दृष्टी दिली ती एका भारतीयानं. एवढं वाक्य हाताशी असलं की लेख आपोआप लिहून होतो. तसे अनेक लेख मी जाण्याआधी वाचलेही होते.

क्योतोहून नारा तासाभराच्या आत येतं. स्टेशनातून बाहेर पडून पूर्वेकडे चालू लागलं की दहा मिनिटांत हरणं दिसतात. रस्ता ओलांडणारी, दुकानाच्या दारात उभी असणारी, बिस्किटांसाठी मान लववणारी हरणं. मला पहिल्यांदा आठवलं ते सारनाथ. बुद्धानं पहिला उपदेश केला तो मृगदाव, आणि इथं बुद्धाच्या मंदिराभोवती हरणं. संबंध उघडच दिसतो, असं वाटून मी वहीत तशी नोंदही केली. दुपारी ती खोडावी लागली. नाराची हरणं बुद्धाची नाहीत, ती शेजारच्या कासुगा या शिंतो देवस्थानाची. तिथला एक देव दूर पूर्वेच्या काशिमाहून पांढऱ्या हरणावर बसून इथं आला, अशी कथा आहे आणि देवस्थानाची स्थापना ७६८ची सांगतात. मध्ययुगात इथं हरीण मारणाऱ्याला देहदंड होता. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या उपासमारीत त्यांची संख्या ७९पर्यंत घसरली. आज ती हजाराच्या वर आहे. सारनाथ त्यात कुठंच नाही. परक्या देशात गेल्यावर आपण ओळखीच्या खुणा किती घाईनं जमवतो, याचा तो पहिला धडा.

नारा ७१० ते ७८४ या काळात जपानची राजधानी होती. तेव्हाचं तिचं नाव हेइजो-क्यो. थांग राजवटीच्या छांग-आन नगरीचा आराखडा समोर ठेवून हे शहर चौकटीचौकटीनं आखलं होतं. राजधानी हलली आणि शहर मंदिरांच्या स्वाधीन झालं. म्हणूनच इथली मंदिरं राजवाड्यापेक्षा जास्त टिकली. राजवाड्याच्या जागी आज मोकळं मैदान आणि काही पुन्हा बांधलेल्या इमारती आहेत.

मूर्तीची गोष्ट रोगराईपासून सुरू होते. ७३५ ते ७३७ या वर्षांत देवीची भयंकर साथ आली. इतिहासकारांच्या अंदाजानं लोकसंख्येचा चौथा ते तिसरा हिस्सा तिनं नेला. राज्यकारभार हातात असलेले फुजिवारा घराण्याचे चार भाऊ एकाच वर्षी, ७३७ मध्ये, गेले. ७४० मध्ये त्याच घराण्यातल्या एकानं बंड केलं. सम्राट शोमु हादरून गेला होता. तो राजधानी सोडून इकडून तिकडे मुक्काम हलवत राहिला. ७४३ मध्ये त्यानं वैरोचन बुद्धाची महामूर्ती घडवण्याचा संकल्प जाहीर केला. त्या जाहीरनाम्यातली एक गोष्ट फार वेगळी आहे. देशातली संपत्ती आणि सत्ता आपल्याच हाती आहे, पण तेवढ्यावर मूर्ती उभी केली तर संकल्प पुरा होणार नाही, असं त्यानं म्हटलं. कुणी गवताची एक काडी किंवा मूठभर माती घेऊन मदतीला आला, तर त्यालाही येऊ द्यावं, आणि अधिकाऱ्यांनी या कामाच्या नावाखाली लोकांवर जबरदस्तीची वसुली करू नये, असा आदेश दिला.

ती काडी आणि ती माती गोळा करायला सम्राटाला एका भिक्षूची गरज पडली. त्याचं नाव ग्योकी. हा ग्योकी गावोगाव हिंडून उपदेश करायचा, लोकांना जमवून पूल बांधायचा, तळी खोदायचा. ७१७ मध्ये याच कारणासाठी दरबारानं त्याला दोषी ठरवलं होतं. मठ सोडून रस्त्यावर गर्दी जमवणं नियमाविरुद्ध होतं. पुढं त्याच दरबारानं ७४५ मध्ये त्याला भिक्षुसंघाचं सर्वोच्च पद दिलं, कारण लोक त्याच्याच शब्दावर येत होते.

आणि बोधिसेन? तो साथीच्या ऐन मध्यात, ७३६ मध्ये, जपानला पोहोचला. चीनमध्ये, मंजुश्रीचं स्थान मानल्या जाणाऱ्या वू-थाय पर्वताच्या यात्रेला तो आला होता. तिथं जपानी राजदूतांनी त्याला सोबत येण्याची विनंती केली. त्याच्याबरोबर चंपा देशाचा, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या भागातला, एक भिक्षू होता आणि एक चिनी भिक्षू. नानिवाच्या, म्हणजे आजच्या ओसाकाच्या, बंदरात ग्योकीनं त्यांचं स्वागत केलं. दोघं एकमेकांना पूर्वजन्मीचे ओळखत होते, गृध्रकूटावर त्यांनी बुद्धाचा उपदेश एकत्र ऐकला होता, अशी कथा नंतरच्या जपानी ग्रंथांत रंगवून सांगितलेली आहे. बोधिसेन नाराच्या दाइआनजी मठात राहिला. ७५१ मध्ये त्याला ‘सोजो’ हे मोठं धर्मपद मिळालं. ७६० मध्ये तो तिथंच वारला. परत आला नाही.

नेत्रोन्मीलन झालं ते ७५२च्या चौथ्या महिन्याच्या नवव्या दिवशी. शोमु तोवर गादीवरून उतरला होता आणि त्याची मुलगी कोकेन सम्राज्ञी झाली होती. डोळे स्वतः रंगवायची शोमुची इच्छा होती, पण प्रकृती साथ देईना. त्यानं ते काम बोधिसेनावर सोपवलं. मूर्तीवर सोन्याचा मुलामा अजून पुरा चढला नव्हता. बोधिसेनाच्या हातात कुंचला होता आणि त्या कुंचल्याला निळीत रंगवलेली एक लांबलचक रेशमी दोरी बांधली होती. खाली जमलेल्यांनी ती धरली होती. कुंचला एकाच्या हातात, पण डोळे उघडण्याचं पुण्य दोरीला हात लावणाऱ्या सगळ्यांचं. जमलेल्या भिक्षूंची संख्या जुन्या नोंदींत दहा हजार सांगितली आहे. तो कुंचला आणि सुमारे दोनशे मीटरची ती दोरी आजही तोदाइजीमागच्या शोसोइन या राजकोठारात जपलेली आहे. तिथल्या काही निवडक वस्तू शरद ऋतूत थोडे दिवस प्रदर्शनात मांडतात. मी गेले मार्चमध्ये, त्यामुळं कुंचला पाहण्याचा प्रश्नच नव्हता.

म्हणजे आता फक्त मूर्ती. महाद्वारातून आत शिरले. दोन्ही बाजूंना उन्केइ, काइकेइ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२०३ मध्ये घडवलेले लाकडी द्वारपाल उभे आहेत. पुढं विस्तीर्ण अंगण आणि मग ते सभागृह. आत सुमारे पंधरा मीटर उंचीचा बुद्ध बसलेला. मान वर करून मी त्या डोळ्यांकडे बराच वेळ पाहत राहिले. हेच ते डोळे, असं मनाशी म्हणत होते.

ते डोळे ते नव्हते. हे मला सभागृहातल्याच माहितीफलकावरून कळलं, आणि मग हातातल्या पुस्तकातून नीट जुळवून घेतलं. ८५५ मध्ये मूर्तीचं डोकं गळून पडलं. ते पुन्हा बसवून ८६१ मध्ये नेत्रोन्मीलनाचा विधी नव्यानं करावा लागला. म्हणजे बोधिसेनानं उघडलेली दृष्टी टिकली ती १०३ वर्षं. पुढं ११८० मध्ये ताइरा घराण्याच्या सैन्यानं नारा जाळलं, त्यात सभागृह आणि मूर्ती दोन्ही गेली. चोगेन नावाच्या भिक्षूनं साठीत ते काम अंगावर घेतलं, देशभर फिरून वर्गणी जमवली. मूर्ती पुन्हा ओतायला चिनी कारागीर होता. ११८५च्या विधीत निवृत्त सम्राट गो-शिराकावा स्वतः वर चढला आणि त्यानं शोसोइनमधून काढलेला तोच ७५२चा कुंचला वापरला. १५६७ मध्ये युद्धात पुन्हा आग. या वेळी डोक्याच्या जागी तात्पुरता तांब्याचा पत्रा ठोकून ठेवला गेला. तात्पुरतं छप्परही वादळात कोसळलं आणि बुद्ध जवळजवळ शंभर वर्षं ऊन-पावसात उघडा बसून राहिला. कोकेइ नावाच्या भिक्षूनं पुन्हा दारोदार जाऊन पैसे उभे केले. आजचं डोकं त्या काळातलं, १६९२ मध्ये विधी झालेलं. सभागृह १७०९ मध्ये पुरं झालं, ते पाहायला कोकेइ जिवंत नव्हता.

मूळ मूर्तीचं आज ठळकपणे काय उरलं आहे, तर बैठकीच्या कमळाच्या काही पाकळ्या. त्यांच्यावर कोरलेल्या बारीक रेषांतलं विश्वचित्र आठव्या शतकातलं आहे. मी पुन्हा मूर्तीभोवती फिरून त्या पाकळ्या शोधल्या. सगळ्यांचे फोन वरच्या चेहऱ्याकडे लागलेले होते. गेल्या खेपेला माझाही होता.

सभागृहाचे खांबही पाहण्यासारखे आहेत. ते एकसंध नाहीत. लाकडाचे तुकडे जोडून त्यांना लोखंडी पट्ट्या आवळल्या आहेत. आठव्या शतकात सभागृह सुमारे ८६ मीटर रुंद होतं, आज ५७ मीटर. पैसा कमी पडला हे एक कारण, आणि तेवढे मोठे वृक्ष देशात मिळेनात हे दुसरं. चोगेनच्या वेळीच लाकूड पार पश्चिमेच्या सुओ प्रांतातून, नद्यांतून आणि समुद्रातून वाहून आणावं लागलं होतं. अठराव्या शतकात छताचे दोन मुख्य तुळयांचे वृक्ष दक्षिण क्यूशूच्या किरिशिमा डोंगरात सापडले, आणि ते आणण्याचीच एक मोठी कहाणी झाली. मूर्तीच्या पहिल्या घडणीत सुमारे ५०० टन तांबं लागलं, असं मंदिर सांगतं. ते वितळवायला किती जंगल जळालं असेल, याचा हिशेब मनात सुरू झाला.

आणि गंमत अशी की मंदिराच्या पाठीशी, पूर्वेला, एक डोंगर अजून गर्द झाडीचा आहे. कासुगायामा. ८४१ मध्ये दरबारानं तिथं शिकार आणि वृक्षतोड यांवर बंदी घातली, कारण तो देवाचा डोंगर. ती बंदी इतकी पाळली गेली की आज एका मोठ्या शहराला लागून आदिम म्हणता येईल असं वन उभं आहे, आणि १९९८ मध्ये तेही नाराच्या मंदिरांबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. आपल्याकडच्या देवरायांची आठवण होते, पण ती तुलना आता मी जपूनच करते. दुपारभर त्या डोंगराच्या कडेनं चालले. खाली शेकडो वर्षं माणसं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बांधत होती, आणि इथं माणसांनी हात न लावल्यामुळं सगळं उरलं होतं.

संध्याकाळी निगात्सुदोला पोहोचले. तोदाइजीच्या आवारात चढावर असलेलं हे एक मंदिर. ‘दुसऱ्या महिन्याचं सभागृह’ असा नावाचा अर्थ. इथं ७५२ पासून दरवर्षी एक अनुष्ठान होतं, शुनिए त्याचं नाव. आता ते १ ते १४ मार्चला असतं. अकरा भिक्षू लोकांच्या वतीनं वर्षभराच्या पापांची क्षमा मागतात. हे अनुष्ठान आजवर एकदाही चुकलेलं नाही. १६६७ मध्ये अनुष्ठान चालू असतानाच सभागृह जळालं, तेव्हा उरलेले दिवस शेजारच्या मंदिरात पुरे केले गेले. रोज संध्याकाळी सज्जावरून मोठमोठ्या पेटत्या मशाली फिरवतात. त्याला तोबा गर्दी. ठिणग्या अंगावर पडल्या तर वर्ष चांगलं जातं म्हणतात. मशाली संपल्या, गर्दी उतारावरून ओघळून गेली. मी थांबले, कारण त्या दिवशी ५ तारीख होती.

५ आणि १२ मार्चच्या रात्री इथं एक नामावळी वाचतात. ‘काकोचो’, म्हणजे गेलेल्यांची नोंदवही. शोमु सम्राटापासून सुरू होऊन मंदिराशी संबंध असलेल्या शेकडो मृतांची नावं. त्यात बोधिसेनाचं नाव आहे, हे मी वाचलं होतं. कुंचला नाही, डोळे नाहीत, निदान नाव तरी ऐकू.

बायकांना गाभाऱ्याच्या भोवतालच्या अंधाऱ्या खोल्यांपर्यंतच जाता येतं. तिथं लाकडी जाळीमागं बसून ऐकायचं. माझ्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई होत्या, गुडघ्यांवर शाल पांघरून बसलेल्या. त्या दरवर्षी येतात, असं नंतर कळलं. जाळीपलीकडं दिव्यांचा मंद उजेड, लाकडी खडावांचा फरशीवर आपटणारा आवाज, मधूनच शंख. मग एका आवाजात वाचन सुरू झालं, अगदी संथ, प्रत्येक अक्षर ओढत. शोमु, त्याची आई, राणी कोम्यो, ग्योकी. पुण्यात शिकलेलं माझं मोडकंतोडकं जपानी आणि घरून पाठ करून नेलेली यादी, यांच्या आधारानं मी मागोमाग चालले होते. मग लय वाढली. नावं एकमेकांत मिसळू लागली.

त्या यादीत काय काय आहे ते सांगायला हवं. मूर्तिकाराचं नाव आहे. त्याचा आजा कोरियातल्या पेक्चे राज्याच्या पाडावानंतर जपानला आलेला निर्वासित होता. दोन सुतारांची नावं आहेत. मूर्तीच्या दोन्ही बाजूंच्या बोधिसत्त्वांचा संकल्प करणाऱ्या दोन भिक्षुणींची आहेत. आणि मध्येच नावं थांबून आकडे येतात. लाकूड देणारे ५१,५९०. श्रमदान करणारे १६,६५,०७१. धातू देणारे ३,७२,०७५. मजूर ५,१४,९०२. हे आकडे त्या काळच्या लोकसंख्येच्या मानानं फार मोठे आहेत. एकाच माणसाचे अनेक दिवस वेगवेगळे मोजले असावेत, असं अभ्यासक मानतात. तरी गवताची काडी आणणारा माणूस निदान आकड्यात आहे. त्याला त्या कामाचं काय मोल द्यावं लागलं, हे यादीत नाही. ते दुसरीकडं सापडतं. ७५७ मध्ये ताचिबाना नो नारामारो या सरदाराचा कट उघडकीला आला. चौकशीत त्यानं कारण सांगितलं की तोदाइजीच्या बांधकामानं प्रजा हालात पडली आहे. चौकशी करणाऱ्यानं विचारलं, ते काम तुमच्या वडिलांच्याच काळात सुरू झालं ना? त्याच्यापाशी उत्तर नव्हतं. त्याचे वडील, डावे मंत्री मोरोए, या यादीत आहेत.

वाचन आता भराभर चाललं होतं. ‘तेन्जिकु’ हा शब्द ऐकायला मी कान टवकारून बसले होते. तेन्जिकु म्हणजे भारत. आपली सिंधू इराणी आणि चिनी जिभांवरून फिरत फिरत या रूपात जपानला पोहोचली आहे. शतकं उलटत होती. मग आवाज पुन्हा संथ झाला. योरितोमोचं नाव आलं. ११८०च्या जाळपोळीनंतर मंदिर उभारायला मोठं दान देणारा शोगुन तो. शेजारच्या बाईंनी माझ्या हाताला हळूच स्पर्श केला. “आता,” त्या कुजबुजल्या. काही नावं गेली आणि वाचणाऱ्याचा आवाज एकदम खाली आला, इतका की श्वासासारखा. ‘शोए नो न्योनिन’. निळ्या वस्त्रातली बाई.

तिची गोष्ट अशी. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला एका वर्षी शुकेइ नावाचा भिक्षू ही यादी वाचत होता. त्याच्यासमोर निळी वस्त्रं नेसलेली एक बाई येऊन उभी राहिली. तिनं विचारलं, माझं नाव का गाळलंस? त्याला तिचं नाव माहीत नव्हतं. त्यानं तिच्या वस्त्राकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून वाचलं, निळ्या वस्त्रातली बाई. ती दिसेनाशी झाली. तेव्हापासून दरवर्षी ती वाचली जाते, त्याच खालच्या आवाजात. कोण होती, हे सांगता येत नाही. जपानीतला तिच्या वस्त्राचा रंग निळा आणि हिरवा दोन्ही असू शकतो, त्यामुळं माझ्यासारख्या अनुवादकाची पंचाईत होते. चिनी साहित्यात हाच शब्द दासीसाठी वापरतात. त्या पाच लाख मजुरांना जेवण रांधून घालणारी कुणी असेल का, असं मला तिथं वाटून गेलं. जाळीअलीकडच्या अंधारात बसल्यावर असं वाटणं साहजिक आहे.

वाचन संपल्यावर बाईंनी विचारलं, “कुठून आलात?” मी म्हटलं, “भारतातून. भारतातल्या भिक्षूचं नाव ऐकायचं होतं.” त्यांनी माझ्याकडं जरा सहानुभूतीनं पाहिलं. “बोदाइ सोजो ना? ते तर केव्हाच होऊन गेलं. अगदी सुरुवातीला. ग्योकींनंतर थोड्याच वेळात.”

मी माझ्या माणसाचं नाव ऐकूनही ओळखलं नव्हतं. शोधत होते ते माझ्या उच्चारात, आणि ते उच्चारलं गेलं त्यांच्या. बाईंना ते नाव कुठं येतं हे पाठ होतं, कारण त्यांनी ते वर्षानुवर्षं ऐकलं होतं.

रात्री खोलीवर परतल्यावर मी बोधिसेनाविषयी जे जे माहीत होतं ते पुन्हा मांडून पाहिलं. त्याचं चरित्र कुठं मिळतं? ७७० मध्ये त्याच्या एका जपानी शिष्यानं चिनी भाषेत लिहिलेल्या स्मृतिलेखात. तो दक्षिण भारतातला ब्राह्मण, भारद्वाज गोत्राचा, हेही तिथूनच. एक गमतीची कविता ‘मान्योशू’ या संग्रहाच्या सोळाव्या खंडात आहे. तिच्यात एका ब्राह्मणाच्या लहानशा शेतातलं धान्य खाणारा कावळा येतो, आणि हा ब्राह्मण बोधिसेनच असावा असं टीकाकार मानतात. मला तर ती कविता स्मृतिलेखापेक्षा मोलाची वाटते. परदेशात शेत करणारा आणि कावळ्यांनी बेजार झालेला एक माणूस तिच्यात दिसतो. पण तीही जपानी. भारतात त्याच्याविषयी एक ओळ नाही. कुठलं गाव त्याचं, कोणती भाषा तो घरी बोलत होता, यावर आज आपण आपापल्या प्रांतासाठी दावे करतो, पण तो गेल्यावर त्याची आठवण ठेवण्याचं काम आपण केलेलं नाही.

दुसरा एक दावा नेहमी ऐकू येतो, की जपानी वर्णमाला बोधिसेनानं दिली. त्याला आधार नाही. वर्णांच्या त्या क्रमाचे जुने पुरावे अकराव्या शतकाच्या आसपासचे आहेत. क्रम मात्र खरोखर संस्कृतच्या अभ्यासातून आला. अ, इ, उ, ए, ओ, आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व. बाराखडी शिकलेल्या कुणालाही यात दोन अक्षरं चुकीच्या जागी दिसतील. ‘च’च्या जागी ‘स’ आणि ‘प’च्या जागी ‘ह’. पण चूक नाही ती. जुन्या जपानीत आजच्या ‘स’चा उच्चार ‘च’च्या जवळचा होता आणि ‘ह’च्या जागी एके काळी ‘प’ होता. उच्चार बदलले, रांग तशीच राहिली. जपानी अभ्यासकांनी सिद्धम् लिपीतून संस्कृत शिकताना आपल्या भाषेचे ध्वनी ओळखले आणि त्यांना या रांगेत बसवलं. हे काम शिकणाऱ्यांचं. कोलकात्यात तौलनिक साहित्य शिकताना आम्ही फळ्यावर भारतापासून बाहेर जाणारे बाण काढायचो, एकेका बाणावर ‘प्रभाव’ असं लिहायचो. बाणाच्या टोकाला बसलेला माणूस काय करतो, हे आम्हाला फारसं विचारायला सुचायचं नाही. अनुवाद करायला लागल्यावर कळलं की मूळ पुस्तक घेणाऱ्या भाषेत जगतं की मरतं, हे घेणाऱ्या भाषेतल्या वाचकांवर ठरतं.

दुसऱ्या दिवशी शहराच्या पश्चिमेला र्योसेनजी मंदिरात गेले. नावाचा अर्थ गृध्रकूटाचं मंदिर. बोधिसेनाचं स्मारक तिथं आहे. त्याला इथला डोंगर पाहून गृध्रकूट आठवला, असं तिथं सांगतात. तोही माझ्यासारखाच ओळखीच्या खुणा शोधत होता तर. फरक इतका की तो परत जायला आलेला नव्हता. स्मारकासमोर ताजी फुलं होती.

संपादकांना मी तेव्हा लेख दिला नाही. काय लिहावं ते ठरेना. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरातलं एक लग्न झालं आणि नवरा-नवरीला घेऊन आम्ही कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला गेलो. आमच्याकडं ती पद्धतच आहे. लहानपणापासून कितीतरी वेळा गेले असेन. देवीचं दर्शन झालं की शेजारच्या चैत्यात पाच मिनिटं डोकवायचं, वरच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत असं मुलांना सांगायचं, आणि खाली उतरायचं. त्या दिवशी मात्र मी वाचून गेले होते. तिथल्या खांबांवर दात्यांची नावं ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरलेली आहेत. दात्यांत अनेक यवन आहेत, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले परके लोक, धेनुकाकट नावाच्या गावात राहणारे. एकाचं नाव सिहधय, एकाचं धम्म. कुठल्या तरी दूर देशातून आले, इथं राहिले, इथल्या भाषेत नाव लिहवून एकेक खांब देऊन गेले. त्यांच्या मूळ देशात त्यांची काही नोंद असण्याची शक्यता कमीच.

खांबांना टेकून लोक फोटो काढत होते. नव्या सुनेनं विचारलं, “काकू, काय वाचताय?” मी तिला कागद दाखवला, ज्याच्यावर लेखांचं वाचन छापून आणलं होतं. आम्ही दोघी एकेका खांबापाशी गेलो. ती कागद धरायची, मी अक्षरं शोधायची, आणि सापडली की नाव मोठ्यानं वाचायचं. सिहधय. धम्म. काही ठिकाणी दगड झिजला आहे, तिथं नाव लागलं नाही. बाहेरून देवीच्या ढोलाचा आवाज येत होता, त्यामुळं आमचा आवाज फार लांब गेला नसेल. सगळी नावं वाचायला जेमतेम पंधरा मिनिटं लागली.